घरी कुत्र्या-मांजराला कातडीखाली सलाईन देताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात आणि आसपासच्या गावांत किडनीची मांजरं, म्हातारी कुत्री सांभाळणाऱ्यांकडून हे प्रश्न सतत येतात. काही तर रात्री अकराला येतात, एका हातात सुई आणि दुसऱ्या हातात फोन धरून. हे पान सांभाळणाऱ्यांनी सांभाळणाऱ्यांसाठी लिहिलंय. सलाईन द्यायचं की नाही, किती मिली आणि किती दिवसांनी, हे जनावराला प्रत्यक्ष तपासलेल्या डॉक्टरांनीच ठरवायचं. इथं आहे ते त्याच्या पुढचं.

१. कातडीखाली सलाईन म्हणजे काय? दवाखान्यात शिरेत लावतात तेच ना?

द्रव तोच, जागा वेगळी. शिरेतलं सलाईन थेट रक्तात जातं, म्हणून त्याचा वेग सांभाळावा लागतो आणि कुणीतरी शेजारी बसावं लागतं. कुत्र्या-मांजरांची मानेमागची, दोन खांद्यांमधली कातडी सैल असते. तिच्याखाली सलाईन सोडलं की ते तिथं साठतं आणि पुढच्या सहा ते बारा तासांत हळूहळू रक्तात शोषलं जातं. आपली कातडी अशी सुटी नसते, म्हणून पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा प्रकार अघोरी वाटतो. जनावराला तसं वाटत नाही. चिठ्ठीवर ‘एससी’ किंवा ‘सबकट’ लिहिलं असेल तर ते हेच.

२. घरी द्यायला नेमकं कोणत्या आजारात सांगतात?

सगळ्यात जास्त मांजरांच्या जुन्या किडनीच्या आजारात. किडनी बिघडली की लघवी घट्ट करायची ताकद जाते. मांजर भरपूर पातळ लघवी करतं, कितीही पाणी प्यालं तरी कमीच पडतं, अंगातलं पाणी घटतं. मग भूक मरते, मळमळ होते, शी कडक होते. बाहेरून दिलेलं सलाईन ही तूट भरून काढतं. किडनी दुरुस्त करत नाही. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा) थोडं खाली आलं म्हणजे ‘किडनी सुधारली’ असं धरू नका; बऱ्याचदा तो फक्त पाणी भरून निघाल्याचा परिणाम असतो.

या आजाराचे चार टप्पे मानतात. पहिल्या दोन टप्प्यांतल्या, नीट खाणाऱ्या-पिणाऱ्या मांजराला सहसा सलाईनची गरज नसते. रिपोर्टमध्ये ‘किडनी’ शब्द दिसला की लगेच बाटली आणू नका. पर्शियन मांजरांत किडनीत पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार असतो, त्यामुळं पर्शियन पाळणाऱ्यांकडून हे प्रश्न जास्त येतात.

याशिवाय साध्या उलट्या-जुलाबानंतर एक-दोन दिवस, किंवा आजारातून उठताना जनावर पाणी कमी पीत असेल तर, डॉक्टर थोड्या दिवसांसाठी सांगतात.

३. दोन दिवस जेवला नाही. एक बाटली लावली तर ताकद येईल ना?

नाही. आपल्याकडं माणसांच्या बाबतीतही हाच समज आहे. ताप आला की घरातलं कुणीतरी म्हणतंच, ‘एक सलाईन लावा, बरं वाटंल.’ आरएल (रिंगर लॅक्टेट, नेहमी लावतात ते सलाईन) म्हणजे पाणी, क्षार आणि थोडं लॅक्टेट. त्यात पोट भरावं असं काही नाही. अंगातलं पाणी कमी झालेल्या जनावराला सलाईननंतर तरतरी येते हे खरं, पण ती पाण्यामुळं, खुराकामुळं नव्हे.

उलट, दोन दिवस न जेवलेलं मांजर ही स्वतंत्र काळजीची गोष्ट आहे. मांजर, त्यातही जाडं मांजर, काही दिवस उपाशी राहिलं तर त्याच्या लिव्हरमध्ये चरबी साठून जीवावर बेततं. अशा वेळी सलाईन देऊन दवाखाना पुढं ढकलू नका.

४. कोणत्या वेळी घरी अजिबात देऊ नये?

खालच्यापैकी काही दिसलं तर बाटली बाजूला ठेवा आणि फोन करा.

बोका लघवीला बसतोय, जोर करतोय, ओरडतोय आणि थेंब येत नाही: मार्ग तुंबलाय. हा तासांचा प्रश्न आहे, सलाईन देऊन भर घालू नका. दुर्दैवानं ‘लघवी होत नाही, पाणी कमी पडत असेल, सलाईन दिलं’ असं सांगणारे फोन येतात.

श्वास जोरात, पोट हलवत किंवा तोंड उघडून चाललाय. मांजर तोंडानं धापा टाकत असेल तर थांबायचंच नाही.

अंग गार पडलंय, हिरड्या पांढऱ्या आहेत, उठवत नाही. अशा अवस्थेत कातडीकडं रक्तच कमी जातं, त्यामुळं दिलेलं सलाईन शोषलं न जाता नुसतं पडून राहतं. शिरेतूनच द्यावं लागतं.

लसी न झालेलं पिल्लू रक्ताचे जुलाब करतंय: पार्व्हो (पिल्लांचा जीवघेणा विषाणूचा आजार) धरून चाला आणि दवाखाना गाठा.

हृदयाचा आजार असेल तर प्रश्न २१ आधी वाचा. आणि गल्लीतलं अनोळखी कुत्रं असेल तर प्रश्न २० वाचल्याशिवाय हात लावू नका.

५. किती द्यायचं? शेजारच्यांच्या मांजराला १५० देतात, आमच्याला १००. कमी पडत नाही का?

चार किलोच्या मांजराला बहुधा १०० ते १५० मिली, रोज किंवा एक दिवसाआड किंवा आठवड्यातून दोनदा, असं सांगितलं जातं. पण आकडा वजन, रक्ताचे रिपोर्ट, रक्तदाब आणि हृदय पाहून ठरतो. शेजाऱ्याचा आकडा आपल्या उपयोगाचा नाही. १०० मिली ऐकायला किरकोळ वाटतं. हिशेब करा: चार किलोला १०० म्हणजे साठ किलोच्या माणसाला दीड लिटर, तेही दहा मिनिटांत.

घरी देणारे बहुतेक जण सुईला घाबरतात. आमच्या मते घाबरायचंच असेल तर बाटलीला घाबरा. सुई चुकली तर फार तर केस ओले होतात. पण ‘आज मलूल दिसतोय, थोडं जास्त देऊया’ असं चार दिवस केलं की पाणी छातीत उतरू शकतं. कुत्र्यांना वजनाप्रमाणं जास्त लागतं. एका जागी किलोमागं साधारण १० ते २० मिली एवढंच सोडून बाकीचं दुसऱ्या जागी देतात.

वजन दर आठवड्याला घ्या. मांजराला उचलून काट्यावर उभं राहा, मग एकट्यानं उभं राहा, वजाबाकी करा. वजन उतरलं किंवा एकदम चढलं तर दोन्ही डॉक्टरांना कळवा.

६. मेडिकलमध्ये काय मागायचं? दुकानदार विचारतो ‘पेशंट कोण’, मग पंचाईत होते.

चिठ्ठी दाखवा आणि सरळ मांजरासाठी आहे म्हणून सांगा. दसरा चौक, सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या आसपासच्या मेडिकलवाल्यांना हे नवं नाही. लागतं ते एवढं: चिठ्ठीत लिहिलेलं सलाईन (बहुधा आरएल, ५०० मिली), एक साधा ड्रिप सेट, आणि सुया.

सेट मॅक्रो घ्या. मायक्रो सेटमध्ये एका मिलीचे साठ थेंब पडतात, मॅक्रोमध्ये साधारण वीस. मायक्रोवर १०० मिली जाईपर्यंत मांजर काय, माणूसही बसणार नाही. सेटला हवेचं छिद्र असलेला प्रकार मागा. (कारण प्रश्न १० मध्ये.)

सुई १८ किंवा २० नंबरची. नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. पुष्कळ जण ‘बिचाऱ्याला दुखंल’ म्हणून २४ नंबर आणतात. मग पाच मिनिटांचं काम अर्ध्या तासावर जातं आणि जनावर त्या अर्ध्या तासाचा राग धरतं. जाड सुईचा टोच क्षणभराचा असतो.

रंगावरून मागू नका, नंबर सांगा. साध्या सुईत १८ नंबर गुलाबी आणि २० नंबर पिवळा असतो. पण शिरेत बसवायच्या कॅन्युलामध्ये १८ हिरवा, २० गुलाबी. ‘गुलाबी द्या’ म्हटलं की हातात काय पडेल सांगता येत नाही. हात थरथरत असेल तर पंखवाली, नळी जोडलेली स्कॅल्प व्हेन सुई धरायला सोपी जाते.

७. आरएल नव्हतं म्हणून डीएनएस दिलंय. चालतंय का?

नाही चालत. डीएनएस आणि डी-५ मध्ये ५ टक्के ग्लुकोज असतं. कातडीखाली ते सोडलं तर शोषलं जाण्याआधी आजूबाजूचं पाणी तिथं ओढून घेतं, म्हणजे आधीच कोरडं पडलेलं जनावर तात्पुरतं आणखी कोरडं. शिवाय जागा दुखते आणि पू होण्याची भीती. परत करा.

एनएस, म्हणजे नॉर्मल सलाईन, कातडीखाली चालतं, पण त्यात आरएलपेक्षा सोडियम जास्त असतं: लिटरला १५४ मिलीमोल, आरएलमध्ये १३० च्या आसपास. म्हणून बदली करण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि बाटलीत स्वतःहून बी-कॉम्प्लेक्स, पोटॅशियम, कसलंही इंजेक्शन मिसळायचं नाही. पोटॅशियम तर हृदय थांबवू शकतं.

८. टोचायचं कसं? एकदा नीट क्रमानं सांगा.

आधी दवाखान्यात डॉक्टरांसमोर स्वतःच्या हातानं एकदा करून घ्या. वाचून कळतं, पण हाताला कळायला तिथंच करावं लागतं. लाजू नका.

घरी: हात साबणानं धुवा. बाटलीवरची तारीख बघा, उजेडासमोर धरून पाणी स्वच्छ आहे का बघा. गढूळ किंवा कण दिसले तर फेकून द्या. रोलर (नळीवरचं धार कमी-जास्त करायचं चाक) बंद करा, सेटचं टोक बाटलीच्या बुचात पूर्ण घुसवा, बाटली टांगा. चेंबर (थेंब पडताना दिसतात तो नळीवरचा फुगा) दाबून निम्मा भरा. मग रोलर उघडून नळीतली हवा जाईपर्यंत थोडं पाणी वाटीत सोडा आणि बंद करा. नवीन सुई लावा. हे सगळं जनावराला आणण्यापूर्वी. सुईच्या टोपणाचा आवाज ओळखून पलंगाखाली जाणारी मांजरं असतात.

जनावराचं तोंड तुमच्यापासून पलीकडं. डाव्या हाताच्या अंगठ्यानं आणि दोन बोटांनी खांद्यांमधली कातडी तंबूसारखी वर उचला. बोटांखाली, तुमच्या बाजूला त्रिकोणी खोलगट जागा तयार होते. सुईचं तिरकं तोंड वर ठेवून, पाठीला जवळजवळ समांतर, त्या जागेत एका दमात आत ढकला. हळूहळू टोचणं जास्त दुखतं. कातडी सोडा, पण सुई हातानं धरून ठेवा. रोलर पूर्ण उघडा. चेंबरमध्ये धार किंवा भराभर थेंब दिसले की झालं. केस ओले व्हायला लागले तर सुई पलीकडच्या बाजूनं बाहेर आलीय. थोडी मागं घ्या. पर्शियनसारख्या दाट केसांत हे डोळ्यांना दिसत नाही, बोटानं चाचपा.

ठरलेलं पाणी गेलं की रोलर बंद, सुई बाहेर, आणि त्या जागी बोटांनी चिमूट धरून मिनिटभर थांबा. नंतर आवडीचा खाऊ. दर वेळी जागा थोडी डावी-उजवीकडं बदला. स्पिरिट चोळायची सक्ती नाही. काही डॉक्टर सांगतात, काही नाही. त्याच्या वासानं मांजर बिथरतं एवढं मात्र खरं.

९. मांजर बसतच नाही. दोघं धरतो तरी सुटतं.

बहुतेक वेळा दोघं धरतात म्हणूनच सुटतं. जितकं आवळाल तितकं मांजर लढतं. त्याला मावेल एवढ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात जुनी चादर घालून बसवा, किंवा टॉवेलात पाय गुंडाळून मांडीवर घ्या. रोज तीच जागा, तीच वेळ. टीव्ही बंद, घरातली पोरं दुसऱ्या खोलीत. सुई आत असताना वाटीत पातळ खाणं चाटायला द्या. गणपतीच्या मिरवणुकीत किंवा दिवाळीच्या फटाक्यांत धरायला जाऊ नका. डॉक्टरांना विचारून वेळ सकाळी घ्या.

तरीही जमत नसेल तर ५० मिलीच्या सिरिंजमध्ये भरून स्कॅल्प व्हेननं ढकलता येतं. जोर जास्त लागतो, पण वेळ कमी आणि मोजमाप पक्कं. पिल्लांसाठी हीच पद्धत बरी. चावरं मांजर असेल तर हट्ट करू नका, दवाखान्यात नेऊन देणं यात कमीपणा नाही.

१०. बाटली कुठं टांगायची? आणि थेंब फारच हळू पडतात.

खिडकीचं गज, पडद्याची दांडी, जुन्या घरातली खुंटी, दारावर अडकवलेला कपड्यांचा हँगर, काहीही. जनावराच्या पाठीपासून तीन-चार फूट वर. जितकं वर तितकी धार मोठी.

वर टांगूनही हळू असेल तर क्रमानं बघा: रोलर पूर्ण उघडलाय का, नळी कुठं मुडपलीय का, सुईचं टोक कातडीला टेकलंय का (सुई किंचित फिरवा), आणि बाटली आत ओढली जाऊन चेपलीय का. आपल्याकडच्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांत हवा आत गेल्याशिवाय पाणी नीट बाहेर येत नाही. सेटवरच्या हवेच्या छिद्राचं टोपण उघडा.

११. गार सलाईन चालेल का? गरम कसं करायचं?

चालतं, पण जनावर दचकतं. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी तर कोमट केलेलंच बरं. बाटली कोमट पाण्याच्या पातेल्यात दहा मिनिटं ठेवा, मनगटावर दोन थेंब टाकून बघा. गारही नको, चटकाही नको. बंबातलं कडकडीत पाणी नको, मायक्रोवेव्ह तर नाहीच: मध्ये उकळतं आणि बाहेरून कळत नाही. पाण्यातून काढल्यावर बुचाकडची बाजू कोरडी करा.

१२. नेमकं १०० गेलं हे कळायचं कसं? बाटलीवरच्या रेघा भरवशाच्या वाटत नाहीत.

बाटली चेपली की रेघा फसवतात. स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा असेल तर देण्याआधी बाटली तोला, नंतर तोला. शंभर ग्रॅम घटलं म्हणजे साधारण शंभर मिली गेलं. दोन्ही वेळा सेटसकट किंवा दोन्ही वेळा सेटशिवाय तोला, आणि वाटीत सोडलेलं पाणी वजा करा. काटा नसेल तर मार्करनं थांबायची रेघ आधीच मारून ठेवा. गप्पांच्या नादात दीडशे जातं.

१३. नळीतून हवेचा बुडबुडा आत गेला. घाबरायचं का?

नाही. ती भीती शिरेतल्या सलाईनची आहे. कातडीखाली गेलेली थोडी हवा हाताला चुरचुरते आणि दोन-तीन दिवसांत जिरते.

१४. पाठीवर मोठी गाठ आली, आता ती पुढच्या पायात उतरलीय!

यायलाच पाहिजे, तिथंच तर पाणी सोडलंय. ते वजनानं खाली सरकतं, छातीखाली किंवा एका पायात साठतं आणि जनावर दिवसभर विचित्र दिसतं. बारा तासांत बहुतेक जातं. चोळू नका, शेकू नका.

दुसऱ्या दिवशी सलाईनच्या वेळेलाही गाठ तशीच असेल तर पुढचा डोस देऊ नका, फोन करा: एकतर प्रमाण जास्त होतंय, किंवा रक्तप्रवाह मंद आहे, किंवा अंगातलं प्रथिन घटलंय. जागा गरम, लाल, हात लावू देत नाही, वास येतोय, तर पू झालाय. तोही दवाखान्याचा विषय.

१५. सुई काढल्यावर पाणी ओघळलं, थोडं रक्तही दिसलं.

पाच-दहा मिली ओघळणं आणि गुलाबी थेंब येणं नेहमीचं आहे. ओघळलेलं भरून द्यायच्या भानगडीत पडू नका. नळीत रक्त मागं चढताना दिसलं तर सुई छोट्या शिरेत गेलीय: काढा, मिनिटभर दाबा, नवीन सुईनं दुसऱ्या जागी द्या.

१६. उरलेली बाटली किती दिवस वापरायची? फ्रिजमध्ये ठेवायची का?

बाटली एकदा उघडून एकदाच वापरण्यासाठी बनवलेली असते. त्यात जंतू रोखणारं काही घातलेलं नसतं. तरीही घरच्या वापरासाठी अनेक डॉक्टर अटी घालून आठवडाभर चालवू देतात: सेट बाटलीतून काढायचा नाही, सुई दर वेळी नवी, वापरून झालं की नळीच्या टोकाला नवी टोपणबंद सुई लावून ठेवायची, बाटलीवर उघडल्याची तारीख. तुमच्या डॉक्टरांनी याहून कडक नियम सांगितला असेल तर तोच पाळा. फ्रिजची सक्ती नाही, पण उन्हात, गॅसशेजारी ठेवू नका. पाणी गढूळ झालं, बुचाला बुरशी दिसली, तर कितीही उरलेलं असो, फेका. एकच सुई ‘उकळून’ परत वापरणारे अजून आहेत. बोथट सुई जनावराला दुखते आणि सुईची किंमत चहापेक्षा जास्त नाही.

१७. वापरलेल्या सुया कुठं टाकायच्या?

कचऱ्याच्या पिशवीत नाही. गाडीवर हातानं कचरा वेगळा करणारी माणसं असतात. जाड प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डब्यात साठवा, डबा बंद करून पशुवैद्यकाकडं द्या. त्यांच्याकडून जैववैद्यकीय कचरा वेगळा उचलला जातो. सुईवर टोपण परत बसवताना बोटाला टोचण्याचे प्रकार सर्रास होतात, म्हणून टोपण न लावता थेट डब्यात.

१८. काल लग्नाला गेलो, राहिलं. आज दुप्पट देऊ?

नाही. आजचं आजचंच. लागोपाठ दोन-तीन डोस चुकले आणि जनावर मलूल असेल तर फोन करा. बाहेरगावी जाणार असाल तर ज्याला करायला सांगणार आहात त्याच्याकडून तुमच्यादेखत दोन वेळा करून घ्या.

१९. सुईऐवजी पाणीच जास्त पाजलं तर? आजी म्हणते अळणी द्या.

आजीचा हेतू बरोबर आहे, अळणी नको. मटणाचं अळणी, म्हणजे तिखट-मसाला घालण्याआधीचं मटणाचं पाणी, आपल्याला सौम्य वाटतं, पण त्यात कांदा, लसूण आणि मीठ असतं. कांदा-लसणानं कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या पेशी फुटतात, मांजरांच्या जास्त. पांढरा रस्सा, तांबडा रस्सा तर बोलायलाच नको. नुसतं पाण्यात शिजवलेल्या चिकनचं बिनमिठाचं पाणी, तेही डॉक्टरांनी किडनीचा आहार ठरवला असेल तर विचारून.

ओलं खाणं, घरात तीन-चार ठिकाणी पाण्याची रुंद भांडी, रोज बदललेलं पाणी यानं पुष्कळ फरक पडतो आणि सुरुवातीच्या टप्प्यात तेवढं पुरतं. सिरिंजनं जबरदस्तीनं पाणी पाजणं मात्र टाळा. ठसका लागून फुप्फुसात जातं. जे रोज उलट्या करतंय किंवा ज्याची किडनी पाणी धरूनच ठेवत नाही, त्याला नुसतं पिऊन भागत नाही.

२०. गल्लीतलं कुत्रं दोन दिवस पडून आहे, पाणी पीत नाही. आम्ही सलाईन देऊ का?

थांबा. जे कुत्रं पाणी प्यायला जातं पण गिळता येत नाही, तोंडातून लाळ गळतेय, जबडा लोंबतोय, आवाज बदललाय, चालताना झोकांड्या जातात किंवा उगाच अंगावर येतंय, ते रेबीजचं असू शकतं. मलूल, शांत पडून असलेलंही असू शकतं. पिसाळलेलं म्हणजे धावणारं असं काही नाही. तोंडात हात घालून ‘हाड अडकलंय का’ बघू नका. लांबून लक्ष ठेवा, मुलांना दूर ठेवा, महापालिकेला किंवा प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेला कळवा.

चावलं, ओरखडलं किंवा लाळ जखमेला लागली तर साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सीपीआरमध्ये किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात लस घ्या. हळद, चुना, मिरची काही लावू नका. हे घरच्या मांजराच्या चाव्यालाही लागू आहे, विशेषतः ते बाहेर फिरत असेल तर. गल्लीतल्या जनावरांना सलाईन देणाऱ्यांनी रेबीजची लस आधीच घेऊन ठेवावी, याबद्दल आम्ही हट्टी आहोत.

२१. किडनीही खराब आणि हृदयही. एक डॉक्टर द्या म्हणतात, दुसरे नको.

दोघंही बरोबर असू शकतात. किडनीला पाणी हवं, कमजोर हृदयाला ते पेलत नाही. म्हाताऱ्या पॉमेरेनियनसारख्या छोट्या कुत्र्यांत हृदयाची झडप गळणं नेहमीचं. मांजरांत हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार असतो आणि तो छातीला नळी लावून ऐकूनही दर वेळी सापडत नाही, सोनोग्राफी लागते. किडनीच्या मांजरांत रक्तदाबही पुष्कळदा वाढलेला असतो. म्हणून दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचे कागद दाखवा, आणि कोणाचं ऐकायचं ते तुम्ही परस्पर ठरवू नका.

दिलंच, तर घरी एक गोष्ट रोज करा: जनावर गाढ झोपलेलं असताना छाती किती वेळा वर येते ते मिनिटभर मोजा आणि वहीत लिहा. तीसच्या आत असावं. रोजचा आकडा बावीस-चोवीस असणाऱ्याचा चौतीस झाला तर पुढचा डोस बंद आणि लगेच फोन, मग ते दिसायला ठणठणीत का असेना. नवा खोकला, नाकातून पाणी, रात्री आडवं न होता बसून राहणं यालाही तेच. हे मोजणं हृदय चांगलं असणाऱ्यांनीही करावं.

२२. पावसाळ्यात आमच्या भागात पाणी येतं. आधी काय तयारी ठेवायची?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, बाहेरून येणारा माल अडकला. २०१९ मध्ये तर नळाचं पाणीही बंद. पंचगंगेची पातळी मोजतात त्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३. आमचा साधा नियम: ३९ ची बातमी आली की पिशवी भरा, ४३ ची वाट बघू नका. दोन आठवड्यांच्या बाटल्या, दोन सेट, जास्तीच्या सुया, सुयांचा डबा, सॅनिटायझर, गोळ्या, आणि चिठ्ठी व शेवटचे रिपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत. मांजराची बास्केट माळ्यावरून खाली. निवारा केंद्रात जनावर घेतील का हे आधी विचारा, नाहीतर उंचावरच्या भागातलं नातेवाइकाचं घर बोलून ठेवा.

पुराच्या पाण्यात बुडालेल्या बाटल्या सील असल्या तरी वापरू नका. आणि त्या पाण्यातून फिरलेल्या कुत्र्याला ताप, उलट्या, डोळे-हिरड्या पिवळ्या असं झालं तर ते लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, जंतूंचा आजार) असू शकतं. लघवीतून माणसालाही होतं. हातमोजे घाला, घरी सलाईन देत बसू नका, दवाखान्यात न्या.

२३. कधीपर्यंत देत राहायचं?

किडनीच्या जुन्या आजारात बहुधा शेवटपर्यंत. काही मांजरं त्यावर वर्ष-दोन वर्षं चांगली काढतात. पण सलाईन दिल्यावरही खाणं परतत नसेल, वजन घटतच असेल, तुम्हाला बघितलं की ते दिवसभर लपून बसत असेल, तर ‘आता थांबायचं का’ हा प्रश्न डॉक्टरांना मोकळेपणानं विचारा. थांबवणं म्हणजे टाकून देणं नव्हे. मळमळीचं औषध, भुकेचं औषध, ऊब, मांडी हे सगळं चालूच राहतं.

२४. ससा, पोपट, आणि आमचं रेडकू: यांनाही असंच देता येतं का?

सशाला कातडीखाली देतात, पण पाठीचा कणा नाजूक असतो आणि धरताना लाथ मारली तर मोडू शकतो; डॉक्टरांकडून धरायला शिकल्याशिवाय नको. पोपटाला घरी नाही. रेडकाला हगवण लागली तर आधी तोंडानं क्षारांचं पाणी, आणि उभं राहत नसेल तर शिरेतून, तेही पशुवैद्यकाच्या हातून. १९६२ वर फोन लावा. मांजराची ५०० मिलीची बाटली तिथं पुरणार नाही.